न पोहोचलेली तबकडी : वॅश्टी बनियनचं प्रकरण

१९७० च्या डिसेंबरमध्ये फिलिप्स कंपनीने इंग्लंडात ‘जस्ट अनदर डायमंड डे’ नावाची एलपी विक्रीला आणली. गायिका वॅश्टी बनियन, वय २५. गाणी चौदा, बहुतेक छोटी. परीक्षणं चांगली आली, पण खप काही शेकड्यांपुढे सरकला नाही. वॅश्टीने गाणं सोडलं ते सुमारे तीस वर्षांसाठी. २००० साली तीच तबकडी सीडीच्या रूपात परत आली, तोवर तिच्या मूळ प्रतीसाठी संग्राहक मोठी रक्कम मोजायला तयार झाले होते. २००५ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, तिचा दुसरा आल्बम आला.

ही हकिगत बहुतेक वेळा परीकथेसारखी सांगितली जाते. काळाच्या पुढे असलेली कलावती, तिला न ओळखणारं जग, आणि शेवटी उशिरा मिळालेला न्याय. मला ही मांडणी पटत नाही. जगाने वॅश्टीला नाकारलं असं म्हणायचं, तर आधी जगाने तिला ऐकलेलं असायला हवं. प्रत्यक्षात ती तबकडी लोकांपर्यंत पोहोचलीच नाही, आणि त्या शांततेचा अर्थ वॅश्टीने ‘आपली गाणी वाईट आहेत’ असा लावून घेतला. तिची तीस वर्षं या गैरसमजात गेली. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहायला हवं : नेमकं काय चुकलं, कुठे चुकलं, आणि पुढे ते कोणामुळे सुधारलं.

ओल्डहॅमची ‘वॅश्टी’

वॅश्टीचा जन्म १९४५ चा, न्यूकॅसलचा. ऑक्सफर्डच्या रस्किन चित्रकला विद्यालयात ती शिकत होती, पण चित्रांपेक्षा गाण्यांतच जास्त रमायची. १९६४ मध्ये विद्यालयाने तिला काढून टाकलं. त्याआधी, अठराव्या वर्षी, ती न्यूयॉर्कला गेली होती आणि तिथे बॉब डिलनची ‘फ्रीव्हीलिन’ ही तबकडी तिच्या कानावर पडली होती. आपणही गाणी लिहून आपणच गायची, हे तिने तिथेच ठरवलं.

तिला लोकसंगीत गायचं नव्हतं, ही गोष्ट इथेच लक्षात ठेवायला हवी. तेव्हाच्या ब्रिटिश फोक क्लबांचं वातावरण कडक होतं. लोकगायक इवन मॅकॉलच्या सिंगर्स क्लबात तर गायकाने आपल्याच मातीतली, आपल्याच भाषेतली गाणी म्हणावीत असा दंडक होता. वॅश्टीकडे पिढीजात गाणी नव्हती, स्वतःच्या वहीतली होती. ती तिला रेडिओवर वाजायला हवी होती, पॉप गाण्यांच्या रांगेत. आपल्याकडच्या श्रोत्याला मी असं सांगेन की ही गाणी ओवी आणि भारुडाच्या बाजूची नाहीत. ती भावगीताच्या जवळची आहेत, एका माणसाच्या मनातली, हलक्या आवाजात म्हटलेली.

रोलिंग स्टोन्सचा व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डहॅम तेव्हा मारियान फेथफुल या पॉप गायिकेनंतरच्या नव्या मुलीच्या शोधात होता. १९६५ मध्ये डेका कंपनीकडून वॅश्टीची पहिली सिंगल, म्हणजे दोन बाजूंना दोन गाण्यांची छोटी तबकडी, निघाली. पहिल्या बाजूला स्टोन्सच्या जॅगर आणि रिचर्ड्स यांनी लिहिलेलं ‘सम थिंग्ज जस्ट स्टिक इन युअर माइंड’, आणि तिचं स्वतःचं गाणं उलट्या बाजूला. तबकडीवर नाव फक्त ‘वॅश्टी’. भोवती मोठा वाद्यवृंद. सिंगल चालली नाही. १९६६ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून ‘ट्रेन साँग’ आलं. अ‍ॅलस्टर क्लेअरच्या शब्दांना तिने चाल दिली होती आणि साथ अगदी मोजकी होती. तेही विरून गेलं. मग ओल्डहॅमच्या इमिजिएट या नव्या कंपनीसाठी तिने आणखी गाणी ध्वनिमुद्रित केली. तिची स्वतःची सिंगल मात्र त्यांतून एकही निघाली नाही.

या पहिल्या फेरीत तिच्या गाण्याबद्दलचे निर्णय इतरांनी घेतले आणि प्रत्येक अपयशाची जबाबदारी तिने स्वतःवर घेतली. पुढे १९७० मध्ये जे झालं त्याचं बी इथे आहे.

घोडागाडीने उत्तरेकडे

१९६८ पर्यंत लंडनच्या संगीतधंद्याचा तिला उबग आला होता. तिचा मित्र रॉबर्ट लुइस लंडनच्या दक्षिणेला एका कला महाविद्यालयात शिकत होता. महाविद्यालयामागच्या झाडीत, ऱ्होडोडेंड्रॉनच्या एका मोठ्या झुडपाखाली, दोघांनी संसार मांडला. ती जमीन बँक ऑफ इंग्लंडच्या मालकीची निघाली आणि त्यांना तिथून उठावं लागलं. त्याच सुमारास गायक डोनोव्हनने स्कॉटलंडच्या स्काय बेटालगतची काही छोटी बेटं विकत घेतली होती. तिथे कलावंतांची वस्ती करायची त्याची कल्पना होती. वॅश्टी आणि रॉबर्टने तिकडे जायचं ठरवलं, तेही मोटारीने किंवा आगगाडीने नाही. डोनोव्हनने उसने दिलेल्या पैशांतून त्यांनी घोडागाडी घेतली. घोडीचं नाव बेस.

इंग्लंडच्या एका टोकापासून स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापर्यंतचा हा प्रवास एका उन्हाळ्यात संपला नाही. मधला हिवाळा थांबण्यात गेला. वाटेत शेतकऱ्यांकडे पडेल ते काम, कुणाच्या तरी रानात मुक्काम, पावसात भिजलेला बिछाना. एक दिवस आणखी पुढे जायचं बळ मिळावं म्हणून ती गाणी रचत गेली. ‘जॉग अलाँग बेस’ हे घोडीला म्हटलेलं गाणं आहे. ‘लिली पाँड’ची चाल ‘ट्विंकल ट्विंकल’ची, म्हणजे इंग्लिश माध्यमात शिकलेल्या आपल्या प्रत्येक पोराला पाठ असलेली. ‘डायमंड डे’मध्ये नांगरणी आहे, पेरणी आहे, उगवून येणारं धान्य आहे.

ती गाणी ऐकताना बरेच जण समजतात की हे खेड्यातल्या जगण्याचं वर्णन आहे. तसं ते नाही. ते जगणं अजून मिळालेलं नव्हतं. ही वाटेवरची, पोहोचण्याआधीची गाणी आहेत, आणि त्यांतलं शेत व घर दोन्ही मनातली आहेत. दोघं स्कायला पोहोचली तेव्हा डोनोव्हन निघून गेला होता आणि वस्तीची कल्पनाही मावळली होती. तिथून ती आणखी पश्चिमेला, आउटर हेब्रिडीजमधल्या बर्नरे बेटावर गेली. वारा, थंडी आणि बाहेरून आलेल्या तरुणांकडे थोडं बिचकून पाहणारे शेजारी, हे तिथलं खरं जगणं. आल्बममध्ये त्याच्या खुणा शेवटी शेवटी, पुसटशा येतात. आवाजातल्या कोवळेपणाखाली जो थकवा आहे तो मला दर वेळी ऐकू येतो, आणि त्यामुळे या गाण्यांना ‘गोड’ म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं.

साउंड टेक्निक्समधले ते दिवस

प्रवासाच्या मधल्या थांब्यात, १९६८ च्या नाताळाच्या सुमारास, तिची भेट संगीतनिर्माता जो बॉइडशी झाली. बॉइड मूळचा अमेरिकन. पिंक फ्लॉइडची पहिली सिंगल त्याच्या हाताखाली झाली होती. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन आणि इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड हे बँड आणि गायक निक ड्रेक ही मंडळी त्याच्या विचसीझन कंपनीत होती. प्रवासातल्या गाण्यांचा आल्बम करू, असं त्याने सुचवलं. १९६९ च्या अखेरीस वॅश्टी लंडनला परतली आणि चेल्सीतल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत अगदी थोड्या दिवसांत काम उरकलं.

साथीला बॉइडने आपल्या घरातलीच माणसं आणली. इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडचा रॉबिन विल्यमसन, फेअरपोर्टचे डेव्ह स्वॉरब्रिक आणि सायमन निकोल. हे वादक थोर होते यात शंका नाही. पण त्यांचे फिडल, मँडोलिन आणि बँजो येताच गाणी फोकच्या खोलीत जाऊन बसली. ‘डायमंड डे’, ‘स्वॅलो साँग’ आणि ‘रेनबो रिव्हर’ या तीन गाण्यांची वाद्यरचना निक ड्रेकचा मित्र रॉबर्ट कर्बी याने केली, थोडी तारवाद्यं, थोडी सुषिरवाद्यं, भरपूर मोकळी जागा ठेवून. तिला मनात जे ऐकू येत होतं ते याच तीन गाण्यांत उतरलं, असं तिने नंतरच्या मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. तबकडी ऐकताना हा फरक लगेच कळतो. बाकीची गाणी वाईट मुळीच नाहीत. मात्र त्यांत गायिका पाहुणी वाटते आणि वादक यजमान.

तिच्यावर आजतागायत ‘फोक गायिका’ हा शिक्का आहे आणि तिला तो मान्य नाही. त्या शिक्क्याचा जन्म या थोड्या दिवसांतला.

खप का झाला नाही

लोकांची रुची बदलली होती, हे कारण सगळ्यांत आधी पुढे केलं जातं. त्यात थोडं तथ्य असेल, पण त्याहून ठोस कारणं समोर दिसतात.

ध्वनिमुद्रण १९६९ च्या शेवटी झालं आणि तबकडी १९७० च्या शेवटी आली. मध्ये जवळपास वर्ष गेलं. त्या वर्षात वॅश्टी लंडनहून दूर होती आणि पहिल्या बाळात गुंतली होती. तेव्हा ब्रिटनमध्ये अशा संगीताची विक्री मैफलींवर चालायची. कॉलेजांची सभागृहं, क्लब, गावोगावचे दौरे. इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड आणि फेअरपोर्ट सतत रस्त्यावर असत, म्हणून त्यांच्या तबकड्या खपत. वॅश्टीने या आल्बमसाठी दौरा केला नाही. तिला लोकांसमोर गायची भीती वाटायची आणि तान्हं मूल घेऊन दौरे करण्याची सोय त्या व्यवसायात नव्हतीच.

शिवाय, नेमक्या त्याच वेळी बॉइड विचसीझन आयलंड रेकॉर्ड्सला विकून वॉर्नर कंपनीच्या कामासाठी कॅलिफोर्नियाला निघून गेला. म्हणजे तबकडी दुकानात लागली आणि तिच्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकणारा एकमेव माणूस देश सोडून गेला.

या प्रकरणाचा सगळा निकाल माझ्या मते पुढच्या गोष्टीत आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. विचसीझनच्या बहुतेक कलावंतांच्या तबकड्या आयलंडकडून निघत. वॅश्टीची निघाली फिलिप्सकडून. निक ड्रेकशी तुलना केली की याचं वजन कळतं. तोच निर्माता, तोच स्टुडिओ, तोच वाद्यरचनाकार. ड्रेकच्याही तिन्ही आल्बमांचा खप त्याच्या हयातीत अगदी तुटपुंजा होता. तोही मैफली टाळायचा. १९७४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो गेला. पण कंपनी विकताना बॉइडने एक अट घातली होती : ड्रेकचे आल्बम यादीतून कधीही काढायचे नाहीत. त्यामुळे १९८० च्या दशकात कुणी नवखा श्रोता दुकानात जाऊन ड्रेक मागू शकत होता, आणि एकेक करून असे श्रोते वाढत गेले. वॅश्टीची तबकडी दुसऱ्याच कंपनीत होती. तिथे तिची बाजू घेणारं कुणी नव्हतं. आहेत त्या प्रती संपल्यावर ती छापलीच गेली नाही. ड्रेकचा श्रोता हळूहळू वाढला. वॅश्टीचा वाढूच शकत नव्हता, कारण वाढायला लागणारी वस्तूच बाजारात नव्हती.

बॉइडने या दोघांना एकदा गाणी लिहायला एकत्रही बसवलं होतं. ड्रेक जवळजवळ बोललाच नाही आणि त्यातून एकही गाणं निघालं नाही.

तीस वर्षं

वॅश्टी आणि रॉबर्ट काही काळ स्कॉटलंडच्या सीमाभागात, इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडच्या मंडळींच्या वस्तीत राहिले. पुढे आयर्लंड, पुन्हा स्कॉटलंड. तीन मुलं झाली. गाई-घोडी, जुनी घरं दुरुस्त करणं, जुनं लाकडी सामान विकणं, यात दिवस गेले. ती गात नव्हती, घरातसुद्धा. मुलांनाही तिने गाऊन दाखवलं नाही. स्वतःचा आल्बम तिला ऐकवत नसे.

हा काळ सांगताना अनेक लेखक ‘निसर्गाच्या कुशीतलं साधं जीवन’ असे शब्द वापरतात. मला इथे थांबावंसं वाटतं. जिला अठराव्या वर्षापासून गाणी सुचत होती ती बाई पंचविशीत गप्प होते आणि पंचावन्नापर्यंत गप्प राहते, यात सुंदर काही नाही. तिने संसार मनापासून केला, याबद्दल तिने स्वतः प्रेमाने लिहिलं आहे. तरी गाणं संसारासाठी सुटलं नाही. ते लाजेने सुटलं. ही लाज तिच्या वाट्याला यायचं काही कारण नव्हतं. एका कंपनीचा व्यवहार, एका निर्मात्याचं स्थलांतर आणि गोदामात पडून राहिलेल्या प्रती, यांची गोळाबेरीज तिने आपल्या आवाजाच्या खात्यावर मांडली.

परत येण्याची यंत्रणा

१९९० च्या दशकात तबकडी संग्राहकांच्या हाती फिरू लागली. दुर्मीळ म्हणून भाव चढला. १९९७ च्या सुमारास वॅश्टीच्या घरी संगणक आला, तिने आंतरजालावर आपलं नाव शोधलं आणि आपला आल्बम लोक हुडकत आहेत हे तिला पहिल्यांदा कळलं. तिने मग स्वतःच्या गाण्यांचे हक्क कुणाकडे आहेत याचा माग काढायला सुरुवात केली. ध्वनिमुद्रणाचे हक्क आणि गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क या दोन वेगळ्या गोष्टी असतात. वाट सापडली ती प्रकाशनाच्या बाजूने. बॉइडच्या काळातली प्रकाशन कंपनी पुढे दुसरीकडे विलीन झाली होती. तिथे काम करणाऱ्या पॉल लँबडनने या आल्बमचा ध्यास घेतला आणि तो पुन्हा काढण्यासाठी स्पिनी नावाची छोटी कंपनी उभी केली. २००० साली आल्बम परत आला.

पुनरागमन म्हणजे सीडी निघाली आणि टाळ्या पडल्या, एवढंच नव्हतं. नव्या पिढीतल्या गायक-वादकांनी तिला अक्षरशः हाताला धरून आणलं. पियानो मॅजिक या बँडच्या २००२ मधल्या आल्बममध्ये तिने एक गाणं गायलं. अमेरिकेत गायक डेव्हेंड्रा बॅनहार्टने, स्वतः अजून चाचपडत असताना, तिला पत्र लिहून सल्ला विचारला. २००४ मध्ये ती त्याच्या ‘रिजॉइसिंग इन द हँड्स’च्या शीर्षकगीतात गायली. २००५ मध्ये अ‍ॅनिमल कलेक्टिव्ह या बँडबरोबर ‘प्रॉस्पेक्ट हमर’ आलं. या मुलांना तिची गाणी जुनी वाटत नव्हती. १९७० मध्ये ज्या कोवळ्या, न सजवलेल्या आवाजाचं काय करायचं हे कंपन्यांना कळलं नव्हतं, तोच आवाज त्यांना हवा होता. पुढे जाहिरातींमध्ये ‘डायमंड डे’ आणि ‘ट्रेन साँग’ वाजली. जाहिरातीत गाणं गेलं की नाक मुरडणारे बरेच असतात. मला मात्र बरं वाटलं. त्या गाण्यांनी तिला आधी काहीच मिळवून दिलं नव्हतं.

दुसरा आल्बम

‘लुकआफ्टरिंग’ २००५ च्या ऑक्टोबरमध्ये फॅटकॅट कंपनीकडून आला. निर्माता मॅक्स रिक्टर. जोआना न्यूसमची हार्प, आणि पस्तीस वर्षांनी पुन्हा रॉबर्ट कर्बी, या वेळी वादक म्हणून. मुखपृष्ठावर तिच्या मुलीने रंगवलेला ससा. वाद्यं इथे गाण्याच्या मागे उभी राहतात, कुठेही यजमान होत नाहीत. तिला १९६९ मध्ये तीनच गाण्यांत मिळालेली मोकळीक इथे पूर्ण आल्बमभर आहे.

पहिला आल्बम प्रसिद्ध, पण मला हा दुसरा मोठा वाटतो. त्यातलं ‘वेवर्ड’ हे गाणं ‘डायमंड डे’शेजारी ठेवून ऐकावं. ‘डायमंड डे’मध्ये शेत आणि चूल यांचं स्वप्न पाहणारी मुलगी आहे. ‘वेवर्ड’मध्ये तेच घर प्रत्यक्ष सांभाळलेली बाई आहे, आणि ती म्हणते की घरात मागे राहणारी मला व्हायचं नव्हतं. दुसरा बाहेर जाऊन पराक्रम करणार आणि आपण घर आवरत बसणार, हे तिने ठरवलेलं नव्हतं. सूर कुठेही चढत नाही, तक्रार मात्र स्पष्ट आहे. आमच्या ओळखीच्या किती घरांतल्या किती जणी हे वाक्य मनातल्या मनात म्हणत असतील. ‘हिअर बिफोर’मध्ये ती आपल्या मुलांकडे पाहते आणि हा चेहरा आपण आधी कुठेतरी पाहिला आहे असं तिला वाटतं. पंचविशीत हे गाणं तिला लिहिता आलं नसतं.

म्हणून ‘तीस वर्षं थांबली म्हणून हे मिळालं’ असं म्हणायचा मोह होतो. मी तो हिशेब मान्य करत नाही. १९७५ मध्ये, १९८५ मध्ये ती काय लिहिती हे आपल्यापुढे नाही, आणि नसलेल्या गोष्टीशी असलेल्या गोष्टीची वजाबाकी करता येत नाही.

तिसरा आल्बम ‘हार्टलीप’ यायला २०१४ उजाडलं. या वेळी निर्मितीही बहुतांशी तिचीच. एडिनबरोच्या घरात संगणकावर ध्वनिमुद्रण करायला ती शिकली. पियानो दोन्ही हातांनी सराईतपणे वाजवता येत नव्हता, तर एकेक ओळ वेगवेगळी वाजवून ती जोडत गेली. वर्षं लागली. शीर्षक तिच्या मुलीच्या एका चित्रावरून आलं. हा आपला शेवटचा आल्बम, असं तिने तेव्हाच सांगितलं. २०२२ मध्ये घोडागाडीच्या प्रवासाच्या आठवणींचं पुस्तक आलं. त्यात वाटेतला चिखल आहे, उपास आहे, रॉबर्टबरोबरची भांडणंही आहेत, आणि चौदा गाण्यांपैकी कुठलं कुठल्या मुक्कामावर सुचलं हेही आहे.